खुरांचे हत्ती

शनिवारी सकाळी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो गॅरेजच्या दाराचा. ते कण्हत कण्हत वर जायचं, मध्येच अडकायचं, बाबा त्याला आतून एक लाथ घालायचे आणि मग ते उरलेलं अंतर मुकाट्यानं पार करायचं. स्वयंपाकघरात आई घावण्यांचं पीठ ढवळत म्हणायची, "निघाले तुझे बाबा, कोणाचं तरी घर धुंडाळायला." पहिला घावणा तव्यावर पडला, काळ्या वाटाण्याच्या उसळीची फोडणी झाली, की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा. मी खुर्चीवर चढून पुठ्ठ्यानं त्याला वारा घालायची आणि आई खालून सांगायची, "जोरात हलव, त्याला अजून आपल्या जेवणाची सवय नाही." आमचं डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं, कोलंबस शहराला चिकटलेलं. तिथे आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा सोळा पूर्ण झाली होती. माझ्या पोटात तेव्हा काही राहत नसे. आताही राहत नाही. पण आता मी म्हातारी झाल्यामुळे लोक त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात.

अमेरिकेत एखादं म्हातारं माणूस गेलं की त्याच्या घरातल्या चमच्यांपासून सोफ्यापर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या लावतात आणि दार सताड उघडं ठेवतात. त्याला एस्टेट सेल म्हणतात. बाबांचा जीव त्यात अडकलेला. पुण्यात असताना ते दर रविवारी जुन्या बाजारात जायचे, इथे आल्यावर त्यांनी या सेलवर तहान भागवली. काटे नसलेलं घड्याळ, एक अक्षर न उमटणारा टाइपरायटर, कोणाच्या तरी लग्नातली चांदीची वाटणारी आणि नसलेली सुरई, असं काय काय आमच्या बेसमेंटमध्ये येऊन पडलं होतं. प्रत्येक वस्तू आणताना ती दुर्मिळ असायची आणि आठवड्याभरानं नसायची. मराठी मंडळात हा सगळ्यांच्या करमणुकीचा विषय होता. नागपूरचे देशमुख काका तर बाबा दिसले की लांबूनच ओरडायचे, "काय परांजपे, या आठवड्यात कोणाचं तळघर रिकामं केलं बाप्पा?" बाबा हसून घ्यायचे. पण त्या वर्षी त्यांचं हसणं आटलं होतं. ऑफिसात त्यांचं प्रोजेक्ट बंद झालं होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी टीममध्ये त्यांना नुसतं बसवून ठेवलं होतं, आणि आमचा सगळ्यांचा व्हिसा त्या खुर्चीला टांगलेला होता. जेवताना ते फोन ताटाशेजारी ठेवायचे आणि तो थरथरला की त्यांचा घास तोंडाशी थांबायचा. दाढी करताना नाट्यगीतं गुणगुणणारा माणूस गप्प दाढी करायला लागला. हे मला खुपत होतं, आईला माझ्याहून जास्त.

आईबद्दल सांगायला हवं. ती सावंतवाडीची. तिचे वडील लाकूड कातायचे. लेथवर लाकडाचा तुकडा फिरवून त्याचे आंबे, पेरू, भातुकलीची भांडी, भोवरे करायचे आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचे. आईचं लहानपण त्या शेडमध्ये, भुशाच्या ढिगावर गेलं. पण आमच्या घरात तिच्या या माहेराचा विषय फारसा निघत नसे. बाबांच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून तिला इथे नोकरी करता येत नव्हती, आणि जुन्या वस्तूंमधले जाणकार तर बाबा होते. त्यांनी काही आणलं की ते बोलायचे आणि आम्ही ऐकायचो, असा आमचा शिरस्ता होता.

त्या शनिवारी बाबा परत आले ते गॅरेजचं दार पुरतं वर जायच्या आधी खालून वाकून आत शिरले. हातात बुटांचा खोका. "अगं, इकडे या! दोघी या! गॅस बंद कर आधी!" त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की आईनं खरोखरच गॅस बंद केला. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बुद्धिबळाची सोंगटीन् सोंगटी बाबांनी सोडवून टेबलावर मांडली. बत्तीसच्या बत्तीस! कातलेल्या लाकडाची, अर्धी लाल आणि अर्धी हिरवी, कमरेला पिवळे पट्टे, राजाच्या डोक्यावर कळसासारखं बोंड. प्यादी म्हणजे नुसत्या गोल डोक्याच्या ठेंगण्या बाहुल्या. घोड्यांची तोंडं सुरीनं कोरलेली, प्रत्येकाचं वेगळं, एक तर चक्क हसत होता. चार मनोरे होते. आणि चार हत्ती! सोंड, सुपासारखे कान, गुबगुबीत पोट. मी आनंदानं किंचाळलेच. खोक्याला चिठ्ठी होती, 'जुना बुद्धिबळाचा संच, भारत?' त्यातल्या प्रश्नचिन्हाकडे बाबांनी साफ काणाडोळा केला होता.

"भारत म्हणे!" बाबा टेबलाभोवती फिरत होते. "अरे, नुसता भारत काय, हे कातकाम बघा, हे रंग बघा. ही सावंतवाडी आहे! तुझं माहेर आहे हे!" त्यांनी एक हत्ती उचलून आईच्या तळहातावर ठेवला. "तुझ्यासाठी आणलं."

आईनं हत्ती उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. "छान आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "छान आहे हो." मला तेव्हा वाटलं, तिला माहेर आठवलं.

दुपारभर बाबांनी भिंग घेऊन संशोधन केलं आणि संध्याकाळी आम्हाला पुन्हा बोलावलं. प्रत्येक सोंगटीच्या बुडाला पेन्सिलीनं एक रोमन अक्षर लिहिलेलं होतं, पुसट पण वाचता येण्यासारखं. राजाखाली आर. "आर म्हणजे राजा!" बाबांनी टेबलावर थाप मारली. प्याद्यांखाली पी. "पी म्हणजे प्यादं! आता बोला!" वजिराखाली डी होता, तिथे ते तासभर अडले होते. "वजीर म्हणजे कोण? दिवाण! डी!" हत्तींखाली ए. "ऐरावत!" घोड्यांखाली सी. इथे त्यांनी नाटकी थांबून आमच्याकडे पाहिलं. "चेतक!" आणि मनोऱ्यांखाली टी होता, तर ते मनोरे नव्हतेच मुळी, ते लष्कराचे तंबू होते. "आपल्यात उंट असतो त्या जागी या कारागिरानं तंबू ठेवलाय. काय कल्पना आहे!" साही अक्षरं बसली होती. मी तर टाळ्याच वाजवल्या. आई फक्त म्हणाली, "अहो, पण आमच्याकडे कोणी इंग्रजी अक्षरं लिहीत नसत." "एक्सपोर्टचा माल असणार!" बाबा म्हणाले, आणि आईनं पुढे काही विचारलं नाही. बाबांनी पट मांडला. ऐरावत चारी कोपऱ्यांत, कारण आपला हत्ती कोपऱ्यातच असतो, आणि तंबू घोड्यांच्या पलीकडे. त्या रात्री जेवताना फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता. दुसऱ्या दिवशी दाढी करताना बाबा गुणगुणत होते.

आता माझ्याकडे जगभरातून लोक सोंगट्या कुठल्या ते विचारायला फोटो पाठवतात, म्हणून सांगते, की बाबांची चूक काही जगावेगळी नव्हती. मेक्सिकोतले गावठी संच अजूनही 'भारत?' अशी चिठ्ठी लावून विकले जातात. भडक रंग दिसला, कातकाम दिसलं, की विकणाऱ्याला भारत आठवतो. हाडाचा संच असेल तर त्याला हस्तिदंत म्हणून खपवतात. हाडात बारीक काळे ठिपके दिसतात, हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेघा. एवढं बघायला साधं भिंग पुरतं, पण लोकांना बघायचं नसतं, मानायचं असतं. मी फोटो मागवते तेव्हा आधी बुडाचा मागवते. वरचा भाग गिऱ्हाइकासाठी केलेला असतो, बुडाशी कारागीर एकटा असतो. कसल्या अवजारानं शेवटचा काप घेतलाय, लेथच्या खिळ्याची खूण आहे की नाही, रंग ओघळून थांबलाय का, हे तिथेच कळतं. हे सगळं मला कोणी शिकवलं, ते आता येईलच.

मंडळाच्या गणपतीत त्या वर्षी 'आपला वारसा' असं प्रदर्शन ठरलं होतं. प्रत्येकानं घरातली जुनी वस्तू आणायची आणि माइकवर तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. बाबांनी नाव दिलं. देशमुख काकांनी फोनवर विचारलंच, "यंदा घड्याळाचे काटे सापडले का?" बाबा शांतपणे म्हणाले, "या वेळी या, देशमुख. बसायला पुढची खुर्ची घ्या." आणि फोन ठेवून ते हसले. रोज ऑफिसातून आल्यावर ते बेसमेंटमध्ये उभे राहून भाषणाची तालीम करायचे. हीटरच्या जाळीतून त्यांचा आवाज माझ्या खोलीत यायचा. 'राजा... दिवाण... ऐरावत...' त्यांना एकदा, फक्त एकदा, चारचौघांत खरं ठरायचं होतं, आणि माझीही तीच इच्छा होती. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची मी तेव्हा इतकी वाट पाहत नव्हते.

गणपतीच्या आदल्या गुरुवारी स्पॅनिशच्या तासाला आम्हाला घरातली एक वस्तू नेऊन तिच्याबद्दल पाच वाक्यं बोलायची होती. आमच्या बाई मूळच्या मेक्सिकोच्या, सगळे त्यांना सेन्योराच म्हणायचे. मी बाबांना न विचारता एक लाल ऐरावत मोज्यात गुंडाळून नेला. वर्गापुढे उभी राहून मी ऐटीत म्हटलं, "एस्ते एस उन एलेफान्ते." हा एक हत्ती आहे. हा भारतातला आहे. माझ्या आईच्या गावचा आहे.

सेन्योरांनी हात पुढे केला. हत्ती घेतला, उलटा करून ते ए अक्षर पाहिलं, आणि मग आईनं नेली होती तशीच ती सोंगटी नाकाशी नेली. त्यांचा चेहरा बदलला. "मुक्ता, हा हत्ती कोपऱ्यात उभा राहतो का?"

"येस, सेन्योरा. इन द कॉर्नर."

"मग ज्यानं केला त्याला वाईट वाटत असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली. बुद्धिबळातल्या राजाला स्पॅनिशमध्ये रेइ. वजिराला दामा. तिरक्या चालीची सोंगटी, म्हणजे आपला उंट, तिला अल्फील. घोड्याला काबायो, आणि तो लिहितात सी अक्षरानं. मनोऱ्याला तोर्रे. प्याद्याला पेऑन. आर, डी, ए, सी, टी, पी! मी बोटांवर मोजत होते आणि ओरडू नये म्हणून दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं होतं. साही अक्षरं! बाबांची साही बसली होती आणि हीही साही बसत होती, पण ही खरी होती!

तास संपल्यावर सेन्योरा मला सोडायला तयार नव्हत्या आणि मी जायला. त्यांचं आजोळ मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातलं, गिटारी करणाऱ्यांच्या गावाजवळ. गिटारीचं लाकूड उरलं की त्या तुकड्यांच्या सोंगट्या कातायच्या आणि बाजारात विकायच्या, असं तिथे चालायचं. त्या वास घेत होत्या तो त्या लाकडाचाच. आणि अल्फील हा शब्द अरबांकडून आलेला, त्यातल्या फीलचा अर्थ हत्ती. "आमच्याकडे हे कोणाला माहीत नसतं," सेन्योरा म्हणाल्या. "अल्फील म्हणजे अल्फील. पण या माणसाला कोणीतरी सांगितलं असणार. आणि त्यानं तो करून टाकला!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी बसमध्ये उडतच बसले. एवढा मोठा शोध मी लावला होता, आणि घराच्या अलीकडच्या थांब्यावर माझ्या लक्षात आलं की प्रदर्शनाचा शनिवार परवावर आला आहे.

आई सोलकढीसाठी कोकम भिजवत होती. मी दप्तर न काढताच सगळं सांगून टाकलं, फळ्यावरच्या क्रमानं, एका दमात. ती थांबून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिनं हात पुसले, औषधांच्या कपाटातलं स्पिरिट आणि कापूस आणला, हत्तीच्या बुडाशी हलकेच घासला आणि मला दाखवला. कापूस पांढराच होता.

"लाख असती तर कापसाला रंग लागला असता. हा ब्रशनं दिलेला रंग आहे, खाचेत बघ कसा साचलाय. आणि लाकूड वासाचं आहे. आमची खेळणी पांगाऱ्याची असत, त्याला असा वास नाही. आणि हे बघ." तिनं हत्ती माझ्या डोळ्यांसमोर धरला. "याला खूर आहेत."

मी पाहिलं. खरंच की! चारही पायांना मधोमध चीर, डुकराला असते तशी. इतके दिवस मी त्याच्याशी खेळत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"आपला माणूस देवळातला हत्ती बघत मोठा होतो. तो नखं करील, खूर नाही करणार. हा हत्ती बघितलेल्या माणसानं केलेला हत्ती नाही."

"म्हणजे तुला माहिती होतं? सिन्स द फर्स्ट डे?"

"हातात घेतला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस यार, आई?"

"ते हसत होते," आई म्हणाली. "आणि माझ्यासाठी आणलं म्हणाले." तिनं हत्ती माझ्या मोज्यात परत गुंडाळला. "शनिवार होऊ दे. एवढा एक दिवस तोंडाला कुलूप लाव. मग मी माझ्या पद्धतीनं सांगेन."

शुक्रवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. संध्याकाळी जाळीतून तालीम ऐकू यायला लागली तेव्हा मी उशी डोक्यावर घेतली. शोध पोटात मावत नव्हता, आणि बाहेर आला तर बाबांचं वाटोळं होत होतं.

शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात गणपती बसला होता. मसालेभाताचा आणि उदबत्तीचा वास, माइकची शिट्टी, इकडून तिकडे पळणारी जरीची परकर-पोलकी. टेबलांवर अडकित्ते, पानाचे डबे, कोणाच्या पणजीची पैठणी. मध्यावर बाबांचा पट, चारी कोपऱ्यांत ऐरावत. बाबांनी कडक इस्त्रीचा झब्बा घातला होता. देशमुख काका खरोखरच पुढच्या खुर्चीत बसले होते. आणि काय सांगू, बाबा असे बोलले, असे बोलले की मी मधूनमधून खरं काय ते विसरत होते! त्यांनी आधी राजा उचलून आर दाखवला. मग प्यादं. दिवाणाला लोक पुढे सरकले. ऐरावताला मागून "वा!" आला. आणि सी अक्षर दाखवून बाबा थांबले, तेव्हा तिसऱ्या रांगेतून कोणीतरी स्वतःच ओरडलं, "चेतक!" टाळ्यांचा कडकडाट झाला. देशमुख काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. "मान गये, परांजपे! या वेळी मान गये!" बाबांचे कान आनंदानं लाल झाले होते. आईनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

तिथे ते थांबते तर सगळं निभावलं असतं. पण बाबांना तो आनंद एकट्यानं घ्यायचा नव्हता. "आणि आता," ते म्हणाले, "ज्या मातीतून हे आलं तिथलं माणूस आपल्यात बसलंय. माझे सासरे स्वतः लाकूड कातायचे. कोण जाणे, हे त्यांच्याच हातचं असेल! अगं, ये ना. सांग सगळ्यांना, तुझ्या वडिलांचं काम असंच होतं की नाही?"

आईच्या हातात माइक आला. ती उभी राहिली. माझं मनगट सुटलं. सगळे तिच्याकडे बघत होते, बाबा तर अशा कौतुकानं की बघवेना. तिनं माइक तोंडाशी नेला. तिच्या वडिलांच्या कामाबद्दल तिला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं खोटं बोलायचं होतं. ती बोलली असती, बाबांसाठी बोलली असती. मला ते सहन झालं नाही. मी खुर्चीवरून उठून ओरडले,

"बाबा, ते हत्ती उंट आहेत!"

सगळे माझ्याकडे वळले. मग सगळा हॉल फुटला. लोक हसता हसता एकमेकांवर पडत होते. देशमुख काकांनी मांडीवर थाप मारली. "अरे बाप्पा! आत्ता तर ऐरावत होता नं, लगेच उंट झाला?" मला हसू नाही, रडू येत होतं. बाबांच्या हातात अजून तो ऐरावत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी तिच्या हातून माइक घेतला आणि माझ्या दिशेनं पुढे केला. "वर ये," ते म्हणाले. "जे काय आहे ते नीट सांग."

मी सांगितलं. रेइ, दामा म्हणेपर्यंत हसू थांबलं आणि अल्फीलला आले तेव्हा माझा मला आवर राहिला नाही. मी हात हलवत होते, पळत जाऊन सोंगट्या उलट्या करून दाखवत होते. साही अक्षरं लोकांनी माझ्याबरोबर मोजली. तेवढ्यात मुलाकडे राहायला आलेले विद्वांस आजोबा, साताऱ्याचे इतिहासाचे शिक्षक, काठी टेकत उठले. "थांब, पोरी. अल्फीलमधला अल् काढ. राहिलं काय? फील. आपल्याकडे राजांच्या अठरा कारखान्यांत हत्तींचा कोणता? पीलखाना! फील आणि पील एकच की!" हॉलभर कुजबुज उठली. कुठला मेक्सिको, कुठला पीलखाना, आणि मध्ये हा बोटभर उंचीचा लाल हत्ती!

"म्हणजे परांजपे," देशमुख काका म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, "आपला नाही म्हणायचा हा."

"नाही," बाबा माइकवर म्हणाले. "आपला नाही. माझं चुकलं." आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत चारी कोपऱ्यांतले हत्ती उचलले आणि घोड्यांच्या पलीकडे, जिथे ते असायला हवे होते तिथे ठेवले. मग मनोरे कोपऱ्यांत नेले. एक मनोरा आडवा पडला, तो त्यांनी सरळ केला. कोणीतरी जेवायची हाक दिली आणि गर्दी पांगली.

घरी जाताना बाबा गाडी चालवत होते आणि आई त्यांच्या शेजारी होती. मी मागे खोका मांडीवर घेऊन बसले होते. मी काय करून ठेवलं हे मला कळत होतं. मी त्यांना सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडलं होतं. बाबांचं प्रोजेक्ट गेलं होतं, आणि आता हेही गेलं. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "तिला रागावू नका. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बाबांनी गाडी हळू केली. "पहिल्या दिवसापासून?"

"हातात घेतला तेव्हाच. लाख नव्हती. लाकूड आपलं नव्हतं. आणि त्या हत्तींना खूर आहेत."

"खूर?"

मी मागून एक हत्ती पुढे केला. लाल सिग्नलला बाबांनी तो डोळ्यांपाशी नेला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी ते बघतच होते. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "त्यानं हत्ती बघितलाच नव्हता." आणि मग एकदम मोठ्यानं, "अगं, त्यानं आयुष्यात हत्ती बघितला नव्हता! कोणीतरी सांगितलं, सोंड असते, कान असे असतात. पायांचं सांगायचं राहिलं! आणि पठ्ठ्यानं घरचं डुक्कर बघून पाय केले!" ते स्टिअरिंगवर हात आपटून हसत होते. संच सावंतवाडीचा वाटला तेव्हाही ते इतके हसले नव्हते. मग हसू ओसरलं आणि त्यांनी आईकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण जुन्या वस्तूबद्दल त्यांनी तिला काही विचारल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

"आणखी काय दिसलं तुला?" बाबांनी विचारलं.

आई आधी चाचरली. मग तिनं तो हत्ती हातात घेतला आणि सांगायला लागली. हा माणूस डावखुरा असणार, कापाची दिशा बघा. याचं पातं जुनं होतं, इथे ओरखडा सगळ्यांवर एकाच जागी आहे. घोडे मात्र दुसऱ्याच कोणीतरी कोरलेत, हात हलका आहे, बाईमाणूस असेल. आमच्याकडेही आई कोरायची आणि अण्णा कातायचे, पण नाव अण्णांचं असायचं. तिचा आवाज चढत गेला, हात फिरायला लागले, ती सीटमध्ये पूर्ण वळून बसली. घराजवळचं राउंडअबाउट आलं. आमच्या रस्त्याचा फाटा समोर आला आणि निघून गेला. गाडी पुन्हा फिरली, फाटा पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीला मी मागून म्हटलं, "बाबा, अवर टर्न!"

"गप गं," बाबा म्हणाले. "आई बोलतेय."